तीन अंशांचा उतार

रात्री विमानातून मुळशी तालुक्यावर नजर टाकली तर त्याचे सरळ दोन भाग दिसतात. पूर्वेला हिंजवडी: काचेच्या इमारती, कंपन्यांच्या झगमगत्या पाट्या, रात्रपाळीच्या गाड्यांची रांग. तिथून पश्चिमेकडे सरकत पौड ओलांडलं की दिवे विरळ होत जातात आणि ताम्हिणीच्या अंगाला संपूनच जातात. मध्ये एक भलामोठा काळा डाग उरतो. तो मुळशीचा जलाशय. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभा केला, त्याच धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. मुंबई उजळणारं पाणी रात्री स्वतः मात्र ठार काळं असतं.

याच तालुक्यात डोंगरांमध्ये अ‍ॅम्बी व्हॅलीची छोटी हवाई पट्टी आहे. अशा एखाद्या पट्टीवर रात्री उतरायचं आहे अशी कल्पना करू. कल्पनाच, कारण नुसत्या नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानांना आपल्याकडे सूर्यास्तानंतर सहसा परवानगी नसते, आणि ती का नसते हेच पाहायचं आहे. विमान चार आसनांचं, एका इंजिनाचं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, चंद्र नाही. खाली जंगल आणि पाणी, म्हणजे काहीच नाही. समोर दहा किलोमीटरवर दिव्यांच्या दोन ओळी लख्ख दिसताहेत. ढग नाही, धुकं नाही, पट्टी डोळ्यांसमोर आहे. आता यात चुकायला जागा कुठे आहे?

जागा आहे, आणि ती आपल्याला शाळेत शिकवलेली आहे! दहावीच्या भूमितीत एक प्रमेय होतं: वर्तुळाच्या एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात. बोर्डाच्या परीक्षेनंतर ते कुणाच्या कामी आलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण अंधारात धावपट्टीकडे जाणारा वैमानिक नकळत तेच प्रमेय सोडवत असतो, आणि बरोबर सोडवतो. धोका त्या बरोबर उत्तरातच असतो.

दिवसा उतरताना आपण किती उंचावर आहोत हे वैमानिकाला कोण सांगतं? शेतांचे बांध, झाडं, घरांची छपरं, रस्त्यावरच्या गाड्या. हे सगळं हळूहळू मोठं होत जातं आणि मेंदू त्यावरून उंचीचा अंदाज बांधत राहतो. रात्री हे सगळं पुसलं जातं. उरते फक्त धावपट्टी. तिचं जवळचं टोक आणि लांबचं टोक यांच्यामध्ये डोळ्यापाशी जो कोन होतो, तेवढंच मोजमाप हाताशी राहतं. मेंदू मग साधा नियम लावतो: समोरचं चित्र बदललं नाही, म्हणजे आपण ठरल्या वाटेवर आहोत. वैमानिक तो कोन कायम राखत विमान खाली आणतो.

कोन कायम, पट्टीची दोन टोकं कायम. मग विमान कोणत्या रेषेवरून येणार? प्रमेय उत्तर देतं: वर्तुळाच्या कंसावरून! सरळ उताराने यायचं ते विमान एका प्रचंड वर्तुळाच्या कडेवरून, आधी भराभर आणि मग अगदी सपाट होत, जमिनीलगत येऊ लागतं.

आकडे घालून पाहू. विमानं साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येतात. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की जेमतेम सव्वापाच मीटर खाली. दहा किलोमीटरवर उंची सव्वापाचशे मीटर असायला हवी, तशी ती आहे असं धरू. पट्टी दीड किलोमीटर लांब आहे. आता एक वैमानिक तीन अंशांच्या सरळ रेषेवरून येतो आणि दुसरा कोन राखत कंसावरून. पाच किलोमीटरवर पहिला २६० मीटर उंचीवर असतो, दुसरा दीडशे मीटरच्याही थोडा खाली. दोन किलोमीटरवर पहिला १०५ मीटरवर असतो. आणि दुसरा? तो बत्तीस मीटरवर! एखादी टेकाडाची सोंड, विजेचा टॉवर किंवा उंच वाढलेलं झाड पुरेल एवढंच अंतर खाली उरलेलं असतं. आणि त्या दुसऱ्या वैमानिकाला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की उतरणं अगदी छान चाललं आहे. त्याच्या डोळ्यांपुढचं चित्र तसूभरही हललेलं नसतं.

हा नुसता कागदी हिशेब नाही. ऑगस्ट १९६५ ते फेब्रुवारी १९६६ या सहा महिन्यांत बोइंगच्या तेव्हा नव्या असलेल्या ७२७ जातीची चार विमानं सूर्यास्तानंतर उतरण्याच्या वाटेवर असताना कोसळली: मिशिगन सरोवर, सिनसिनाटी, सॉल्ट लेक सिटी, टोकियोचा उपसागर. चारही ठिकाणची कारणं सारखी नव्हती, पण नव्या विमानाकडे बोटं वळायला चारचा आकडा पुरेसा होता. बोइंगमधले मानसशास्त्रज्ञ कॉनरॅड क्राफ्ट यांनी बोट दुसरीकडे वळवलं, वैमानिकाच्या डोळ्यांकडे. त्यांनी रात्रीच्या शहराची छोटी प्रतिकृती बनवली, नुसते दिवे आणि बाकी काळोख. मग बोइंगच्याच अनुभवी वैमानिक-शिक्षकांना खोट्या विमानात बसवलं, उंची दाखवणारं यंत्र झाकलं आणि सांगितलं, या, उतरा. हजारो तास आकाशात काढलेली ही माणसं. त्यांतले बहुतेक जण आपण ठीक उंचीवर आहोत अशा खात्रीने गरजेपेक्षा कितीतरी खाली आले. शहर पलीकडच्या बाजूला चढणीवर असेल तर आणखीच खाली. त्या खोट्या शहरात कुणाला इजा झाली नाही, पण कुशल वैमानिक आणि निर्दोष विमान असूनही स्वच्छ हवेत विमान जमिनीवर कसं आदळू शकतं, हे तिथे पहिल्यांदा मोजून दिसलं. या फसगतीला वैमानिक मंडळी ‘ब्लॅक होल’ म्हणतात. मुळशीसारखा जलाशय पट्टीच्या अलीकडे असला की हे काळं विवर तयारच आहे.

आता डोळ्यात डोकावू. रात्री माणसाच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी एक आंधळा ठिपका तयार होतो, हे माहीत आहे? आपण ज्या भागाने वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, डोळ्याच्या पडद्याच्या त्या मध्यबिंदूत फक्त शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांना उजेड भरपूर लागतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी प्रत्येक डोळ्यात सुमारे दहा कोटी, पण त्या सगळ्या कडेने पसरलेल्या. मध्यावर एकही नाही. ताम्हिणीच्या अंधारात उभं राहून एखाद्या अगदी फिक्या ताऱ्याकडे रोखून बघा. तो नाहीसा होईल. नजर जरा बाजूला न्या, तो परत येईल. आकाशनिरीक्षक ही युक्ती रोज वापरतात आणि वैमानिकांनाही हेच शिकवतात: अंधारात जे पाहायचंय त्याच्याकडे सरळ पाहू नका. दंडपेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तास लागतो, आणि कॉकपिटमध्ये कुणी मोबाइलचा टॉर्च लावला की ती सगळी कमाई काही सेकंदांत जाते. शिवाय डोळ्याचा पडदा ऑक्सिजनला फार हावरा असतो. दिवसा दहा हजार फुटांवरही चाललं असतं ते रात्री पाच हजार फुटांवरच कमी पडू लागतं. इतर अवयवांना काही कळायच्या आत रात्रीची नजर मंदावते.

डोळे फसवतात, ठीक आहे. पण विमान तिरकं झालं तर अंगाला कळेलच ना? अंगाला नाही कळत, आणि याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. तांब्यात पाणी घ्या, वर चिमूटभर हळद भुरभुरा आणि तांब्या जागच्या जागी गोल फिरवा. पहिल्यांदा तांब्या फिरतो, पाणी जागेवरच राहतं. थोडा वेळ फिरवत राहिलात की पाणीही तांब्याच्याच वेगाने फिरू लागतं. मग तांब्या थांबवा. पाणी फिरतच राहतं! आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव आहे आणि द्रवाच्या लाटेने वाकणारे बारीक केस आहेत. डोकं फिरलं की द्रव मागे राहतो, केस वाकतात, मेंदूला कळतं, ‘वळलो’. पण वळण तसंच चालू राहिलं तर दहावीस सेकंदांत द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो, केस सरळ होतात आणि मेंदू निर्धास्त सांगतो, ‘सरळ चाललोय’. विमान मात्र कुशीवर कललेलंच असतं. वैमानिकाने ते सरळ केलं, की द्रव पुढे ढकलत राहतो आणि मेंदू ओरडतो, ‘अरे, उलट्या बाजूला वळलास!’ बिचारा वैमानिक पुन्हा पहिल्याच बाजूला कलतो आणि बरं वाटतं. ते बरं वाटणंच फसवं असतं.

क्षितिज दिसत नसताना माणूस किती वेळ तग धरतो? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये हे मोजलं. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० विद्यार्थ्यांना, ढगात शिरल्यासारखी परिस्थिती करून, हातात विमान दिलं. विसापैकी वीस जणांचं विमान ताब्याबाहेर गेलं. कुणी २० सेकंद टिकला, कुणी आठ मिनिटं. सरासरी १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! (सोबत शिक्षक होते, म्हणून हा आकडा आपल्यापर्यंत आला.)

आणि न दिसण्यासाठी रात्रच हवी असं नाही. मुळशी तालुक्याने २०२४ मध्ये हे दोनदा पाहिलं. २४ ऑगस्टला जुहूहून निघालेलं एक हेलिकॉप्टर भर दिवसा, पावसापाण्याच्या हवेत पौडजवळ कोसळलं, चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला सकाळी बावधनच्या डोंगरात उड्डाणानंतर काही मिनिटांतच दुसरं हेलिकॉप्टर पडलं. हवेत दाट धुकं होतं. त्यातले तिघे गेले. सह्याद्रीच्या धारेवर धुकं आलं की सकाळचे साडेसात काय आणि रात्रीचे काय, डोळ्यांना दोन्ही सारखेच.

मग माणूस रात्री उतरतो तरी कसा? स्वतःवर विश्वास ठेवणं सोडून. मला यातली सगळ्यात अजब गोष्ट हीच वाटते. इतर प्रत्येक कसबात आपण ‘अंगवळणी पडू दे’ म्हणतो; इथे अंग जे सांगेल ते दाबून टाकायला शिकावं लागतं, आणि मान द्यायचा तो काचेमागच्या काट्यांना.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल नावाचा वैमानिक विमानात बसला आणि त्याच्या आसनावर कापडी टप ओढून घेतला गेला. बाहेरचं काही, अगदी काही दिसत नव्हतं. पुढच्या आसनावर दुसरा वैमानिक बसला होता, पण तो हात उंच करून, आपण कशालाही हात लावलेला नाही हे दाखवत. डूलिटलने उड्डाण केलं, फेरी मारली आणि पंधरा मिनिटांनी विमान उतरवलं. सगळं त्या कापडाखालून! त्याच्यासमोरच्या यंत्रांत ही तीन होती: रेडिओच्या लहरींवरून दिशा सांगणारं यंत्र, भिंगरीच्या तत्त्वावर चालणारं कृत्रिम क्षितिज आणि हवेच्या दाबावरून उंची मोजणारा अत्यंत संवेदनशील अल्टिमीटर.

हा अल्टिमीटर मोठा मनमोकळा आहे, त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, आतली पोकळ धातूची डबी फुगते, काटा फिरतो. जमिनीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची साधारण आठ मीटरने बदलते. पण त्याच्यातली मेख लक्षात घ्या. तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो, पायाखालच्या जमिनीपासूनची नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. म्हणजे अल्टिमीटर दोन हजार फूट दाखवत असेल तेव्हा मुंबईवरचं विमान ऐटीत आकाशात असतं, आणि पुण्यातल्या विमानाची चाकं जमिनीपासून साठेक फुटांवर आलेली असतात. शिवाय त्या दिवशीचा हवेचा दाब त्यात आधी भरावा लागतो. दाब दहा हेक्टोपास्कलने चुकीचा भरला की उंची ऐंशीपंचाऐंशी मीटरने खोटी. आपल्या कंसावरच्या वैमानिकाकडे दोन किलोमीटरवर बत्तीस मीटरच शिल्लक होते, आठवतंय?

तरीही डूलिटलच्या त्या पंधरा मिनिटांनंतर वीसच वर्षांत रात्रीचं उतरणं आपल्याकडे रोजचं झालं, आणि तेही नागपुरात. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं सुटायची, मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत चारही परत. दिल्लीला आज टाकलेलं पत्र उद्या मद्रासला! उपग्रह नाही, संगणक नाही. देशाच्या बरोबर मध्यावर, काळोखात, रोज रात्री चार डाकोटा विमानं एकामागून एक जमिनीवर येत होती. त्या काळच्या वैमानिकांपुढे आपण टोपी काढायला हवी.

पण मुळशीच्या उत्तरेला, याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरांत एक जागा आहे जिथे हे सगळं अपुरं पडलं. ७ जुलै १९६२. मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटं झालेली. सिडनीहून निघालेलं आणि रोमला जाणारं अलिटालियाचं ७७१ क्रमांकाचं विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. डीसी-८ जातीचं जेट, आत ९४ माणसं. जुलैचा पावसाळा. मुंबईच्या नियंत्रण कक्षाशी बोलणं चालू, खाली येण्याची तयारी चालू. विमान जुन्नरच्या बाजूच्या दावंड्या डोंगराला साधारण ३,६०० फुटांवर धडकलं. कुणीही वाचलं नाही. मुंबईचा विमानतळ तिथून ८४ किलोमीटर दूर होता.

चौकशीत निघालं ते असं: मार्ग मोजण्यात चूक झाली, वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा बरेच जवळ आलोत असं वाटलं आणि तो वेळेआधीच खाली आला. तीन अंशांच्या उताराचा हिशेब इथे लावून पाहा (हा हिशेब माझा, चौकशी समितीचा नव्हे; जेट विमानं टप्प्याटप्प्यानेही खाली येतात). ८४ किलोमीटरवर त्या उतारावरची उंची चार किलोमीटरहून जास्त, म्हणजे चौदा हजार फुटांच्या आसपास. आणि ३,६०० फूट ही उंची त्या उतारावर केव्हा येते? पट्टी वीसएक किलोमीटरवर राहिली की. ठाण्याच्या खाडीवर जी उंची शोभली असती, ती घाटमाथ्यावर आली. अल्टिमीटर खरंच सांगत होता. इंजिनं ठणठणीत होती. पण समोर डोंगर आहे, हे विमानातल्या एकाही यंत्राला ठाऊक नव्हतं.

कोकणातून सह्याद्रीकडे पाहिलेल्या कुणालाही ही भिंत माहीत आहे. मैलोन्‌मैल सपाटी आणि एकाएकी हजार मीटरचा कडा. विमानाला या भिंतीची जाणीव कशी द्यायची? हा प्रश्न डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने आयुष्यभर धरून ठेवला. त्याचं पहिलं उत्तर असं होतं: विमानाच्या पोटाखालून रेडिओ लहर सोडा, ती जमिनीवरून परत यायला लागणारा वेळ मोजा, आणि अंतर फार वेगाने घटू लागलं की मोठ्याने ओरडा. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर एक ७२७ आदळून ९२ माणसं गेली आणि त्यानंतर हे यंत्र मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं. फार मोठी गोष्ट होती. पण ते फक्त खाली पाहत होतं. समोर सरळसोट कडा आला तर त्याला पत्ता लागणार केव्हा? कड्याची सुरुवात पोटाखाली आल्यावर!

पुढचा भाग एखाद्या हेरकथेत शोभेल. विमानाने पुढे पाहायचं तर त्याच्या पोटात साऱ्या पृथ्वीच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा हवा. असा नकाशा होता कुणाकडे? सोव्हिएत लष्कराकडे. शीतयुद्धात त्यांनी जगभरच्या भूभागाच्या उंचींची बारीक नोंद गुपचूप करून ठेवली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते नकाशे बाजारात आले आणि बेटमनने आपल्या कंपनीला ते विकत घ्यायला लावले! लढाईसाठी काढलेले नकाशे १९९० च्या दशकात प्रवासी विमानांत बसले. उपग्रहाकडून स्वतःची जागा, नकाशावरून पुढची जमीन. डोंगर मिनिटभर दूर असतानाच कॉकपिटमध्ये इशारा सुरू होतो, आणि तो आणखी जवळ आला की आवाज घुमू लागतो: ‘टेरेन, टेरेन, पुल अप.’ बेटमन २०२३ साली, ९१ व्या वर्षी वारला. त्याच्या यंत्राने किती माणसं वाचवली हे कुणी मोजू शकणार नाही, कारण न झालेल्या अपघातांची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

हे सगळं मोठ्या विमानांचं. आपण चार आसनांच्या विमानात बसलो आहोत, आणि जुन्या लहान विमानांत ते यंत्र बहुधा नसतंच. मग पट्टीच्या कडेला असलेल्या चार दिव्यांकडे बघायचं. माझ्या लेखी अख्ख्या विमानविद्येतली ही सर्वांत सुंदर युक्ती आहे, आणि ती काय आहे? पेटी, दिवा, लाल काच आणि भिंग. बस्स.

पेटीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वरचा भाग पांढरा, खालचा लाल. दोहोंमधली सीमा इतकी धारदार की अंशाच्या विसाव्या भागात रंग बदलतो. अशा चार पेट्या धावपट्टीच्या शेजारी ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीचा कोन शेजारणीपेक्षा एकतृतीयांश अंशाने वेगळा, अडीच अंशांपासून साडेतीन अंशांपर्यंत. तुम्ही बरोबर तीन अंशांवर असलात तर दोन दिवे पांढरे दिसतात, दोन लाल. थोडे वर गेलात, तीन पांढरे. फारच वर, चारही पांढरे. खाली घसरलात की एकेक दिवा लाल होत जातो. दिवे बदलत नाहीत, कुणी बटण दाबत नाही, संगणक नाही. एकाच क्षणी दोन वेगळ्या उंचींवरच्या दोन वैमानिकांना तेच दिवे वेगवेगळ्या रंगांचे दिसतील! याला ‘पापी’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. मराठी कानाला नाव विचित्र वाटेल, पण इतकं पुण्यवान उपकरण दुसरं नाही. ब्रिटनच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये १९७० च्या दशकात ते तयार झालं.

आता त्या कंसावरच्या वैमानिकाला या चार दिव्यांसमोर आणा. पाच किलोमीटरवर तो दीडशे मीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे पट्टीपासून त्याचा कोन होतो १.७ अंश. अडीचच्याही कितीतरी खाली. त्याला चारही दिवे लालभडक दिसतील. डोळे म्हणताहेत छान चाललंय, कान म्हणताहेत सरळ चाललंय, आणि जमिनीवरची चार मुकी खोकी म्हणताहेत, वर जा. अशा वेळी खोक्यांचं ऐकणं, हेच ते शिक्षण.

यानंतरही एक गोष्ट उरते, जिच्यासाठी अशा लहान विमानात कुठलं खोकं नसतं. शेवटचे पाचसहा मीटर. इथे उतार मोडायचा असतो, नाक हलकेच उचलून विमान जमिनीला समांतर करायचं असतं. लवकर उचललं तर विमान हवेतच वेग हरवून वरून धपकन पडतं. उशिरा उचललं तर पुढचं चाक आधी आपटतं. रात्री विमानाचा दिवा पट्टीचा एक छोटा तुकडा उजळतो आणि नवशिका त्या तुकड्याकडे टक लावून बसतो, जमीन आली असं समजून फार वर असतानाच नाक उचलतो. म्हणून शिक्षक ओरडतात, जवळ नको, पार पलीकडच्या टोकाकडे बघ!

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा असेल तर २०० तासांच्या उड्डाणांत निदान पाच तास रात्रीचे लागतात आणि त्यांत दहा वेळा अंधारात उडून दहा वेळा उतरावं लागतं. बारामतीसारख्या ठिकाणी शिकणारी विशी-बाविशीची मुलं-मुली याच यादीवर खुणा करत असतात. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत याच्याही पुढचा धडा आहे: विमानाचा दिवाच बंद पडला तर? तेव्हा जमीन अजिबात दिसत नाही. तिथे सांगितलेली खूण अशी आहे: कडेच्या दिव्यांवर नजर ठेवा, आणि लांबच्या टोकाचे दिवे विमानाच्या नाकापेक्षा वर चढू लागल्यासारखे दिसले, की त्याच क्षणी नाक उचला. जमीन न पाहता जमिनीवर उतरायचं, दिव्यांच्या नुसत्या मांडणीवरून! मग चाकं टेकतात, वेग उतरतो, आणि वैमानिकाला आता निळे दिवे शोधायचे असतात, कारण धावपट्टीवरून बाहेर पडण्याची वाट त्यांच्या कडेने जाते.